डॉक्टर सिसिली सॉन्डर्स बाई: असाध्य रोग्यांच्या सोबतीण

आमच्या खेड्यापाड्यांतील उपदेशक बंधूंवर एक प्रसंग वरचेवर येतो. मंडळीतील कोणा भावास किंवा बहिणीस कर्करोग झालेला असतो. जिल्ह्याच्या इस्पितळातून त्यास घरी पाठविलेले असते आणि आता करण्यासारखे काही उरले नाही, असे नातलगांस सांगण्यात आलेले असते. उपदेशक शास्त्र काखेस मारून त्या घरी जातो, खाटेजवळ बसतो, पण बोलावे काय हे त्यास सुचत नाही. रोगी वेदनेने तळमळत असतो, घरची माणसे दाराआड डोळे पुशीत असतात, आणि उपदेशक घाईघाईने प्रार्थना करून उठतो. आम्ही स्वतः असे कितीदा तरी उठलो आहोत. हे सांगावयास लाज वाटते, तरी सांगतो. कारण ज्या बाईंची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यांनी आपले सारे आयुष्य ह्या एका खाटेजवळ बसून राहण्यात घालविले. करण्यासारखे काही उरले नाही, हे वाक्य त्यांनी कधीही मान्य केले नाही.

सिसिली सॉन्डर्स बाईंचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडन शहराच्या उत्तरेस बार्नेट ह्या गावी झाला. वडील घरे व जमिनी यांच्या खरेदीविक्रीचा धंदा करीत. घर सधन होते, परंतु आईबापांत एकोपा नव्हता. बाईंच्या पाठीवर दोन भाऊ. मोठ्या घरच्या मुलींची रोडीन नावाची प्रसिद्ध शाळा आहे, तेथे त्यांस शिकावयास ठेविले. अंगाने फार उंच व स्वभावाने बुजऱ्या असल्यामुळे त्या तेथे रमल्या नाहीत. आपण इतरांत मिसळत नाही, हे दुःख त्यांस लहानपणीच कळले. पुढे एकाकी रोग्यांच्या मनात शिरणे त्यांस सोपे गेले, त्यास हेही एक कारण असावे असे आम्हांस वाटते. १९३८ साली त्या ऑक्सफर्ड येथे राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान व अर्थशास्त्र शिकू लागल्या. एवढ्यात महायुद्ध सुरू झाले. पुस्तकांत त्यांचे मन लागेना. १९४० साली शिक्षण अर्धे सोडून लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी स्थापिलेल्या शाळेत, त्या परिचारिकेचे काम शिकावयास गेल्या. ते काम त्यांस मनापासून आवडे. परंतु पाठीचा कणा वाकडा असल्यामुळे रोग्यांना उचलणे त्यांच्याने होईना, आणि १९४४ साली परिचारिकेचे काम सोडावे लागले. एक दार असे बंद झाले.

मग त्या ऑक्सफर्डला परत जाऊन पदवी घेऊन आल्या आणि इस्पितळातील गरीब रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहण्याचे काम शिकल्या. ते काम करणारास त्या काळी तिकडे आल्मनर म्हणत. रोग्याच्या घरी कमावते कोण आहे, मुलांना कोण सांभाळतो, इस्पितळातून सुटल्यावर तो जाणार कोठे, ह्या गोष्टी आल्मनरने पाहावयाच्या असत.

ह्याच सुमारास, १९४५ साली, त्यांच्या जीवनातील मोठी गोष्ट घडली. तरुणपणी त्यांचा देवावर विश्वास नव्हता. त्या वर्षी आईबाप वेगळे झाले होते व मन फार खिन्न होते. काही ख्रिस्ती मैत्रिणींबरोबर त्या उन्हाळ्याच्या सुटीत कॉर्नवॉल प्रांती समुद्रकाठी गेल्या, आणि तेथे प्रार्थनेत असता त्यांनी प्रभूचा स्वीकार केला. देवाने आपणांस फिरविले, आता वाऱ्याविरुद्ध चालावयाचे नसून वारा पाठीशी आहे, अशा अर्थाचे त्या पुढे सांगत असत. आता देवाची कोणती सेवा करावी, हे मात्र त्यांस लगेच कळले नाही.

ते त्यांस एका मरणाऱ्या माणसाने कळविले. त्याचे नाव डेव्हिड टास्मा. तो पोलंड देशातील वॉर्सा शहरचा ज्यू. लंडनमध्ये हॉटेलात वाढप्याचे काम करी. वय ४० वर्षांचे, जवळ आप्त कोणी नाही, आणि पोटात असाध्य कर्करोग. १९४७ साली तो सेंट टॉमस इस्पितळात असता बाईंची व त्याची ओळख झाली. तेथून सुटल्यावर त्यास पुन्हा आजारपण आले आणि तो दुसऱ्या एका इस्पितळाच्या गर्दीच्या दालनात पडून राहिला. बाई सुमारे दोन महिने त्याजकडे जात होत्या. पंचवीसएक वेळा त्या गेल्या असतील. आपण मरणार काय असे त्याने विचारले तेव्हा बाईंनी खरे ते सांगितले. आपले आयुष्य फुकट गेले, मागे आपली काही आठवण उरणार नाही, ह्याचेच त्यास फार दुःख होते.

एके दिवशी त्याने बाईंस समाधानाचे काही बोलावयास सांगितले. बाईंस तेविसावे स्तोत्र पाठ होते, ते त्यांनी म्हटले. त्याने आणखी म्हणावयास सांगितले. पाठ होती ती आणखी दोन स्तोत्रे त्यांनी म्हटली. मग शास्त्र उघडून वाचू काय, असे विचारले तेव्हा तो नको म्हणाला; तुमच्या मनात व अंतःकरणात जे असेल तेवढेच मला हवे, असे त्याने सांगितले. बाई त्या रात्री घरी गेल्या आणि त्याच्यासाठी एकशेतिसावे स्तोत्र पाठ करीत बसल्या. आमच्या उपदेशक बंधूंनी येथे क्षणभर थांबावे. पुस्तक उघडून वाचणे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याचे डोळे मिटत चालले आहेत त्यास वाचणारा व सांगणारा यांतील भेद ताबडतोब कळतो. वर्षानुवर्षे परीक्षेसाठी स्तोत्रे पाठ करणाऱ्या आमच्या शाळांतील मुलांस ती कशासाठी पाठ करावयाची हे कोणी सांगितलेले नसते.

टास्मा २५ फेब्रुवारी १९४८ रोजी वारला. मरण्यापूर्वी त्याने दालनातील परिचारिकेस कळविले होते की, आपल्या पूर्वजांच्या देवाशी आपला समेट झाला आहे. बाई व तो, दोघे मिळून एका घराविषयी बोलत असत: जेथे मरणाऱ्या माणसास वेदनेपासून विसावा मिळेल, आणि तो कोण आहे हे जाणून घेण्यास कोणाला तरी वेळ असेल, असे घर. त्याने आपली सारी शिल्लक, ५०० पौंड, बाईंच्या नावे ठेविली आणि त्या घरात आपण एक खिडकी होऊन राहू असे सांगितले. हातात ५०० पौंड व मनात एक खिडकी. भिंती अजून कोठेच नव्हत्या.

बाईंनी प्रथम काय केले? मोठी सभा भरविली नाही, वर्गणीचे पत्रक काढले नाही. लंडनमध्ये मेथडिस्ट मिशनाच्या सेवेतून १८९३ साली निघालेले सेंट लूक नावाचे गरीब मरणोन्मुखांचे घर होते. दिवसाचे काम आटोपून संध्याकाळी त्या तेथे विनावेतन सेवा करावयास जाऊ लागल्या. तेथे त्यांनी एक गोष्ट पाहिली, जी मोठ्या इस्पितळांत कोठे दिसत नव्हती. अफूपासून होणारे मॉर्फीन नावाचे औषध ते लोक रोग्यास तोंडाने व ठराविक तासांनी देत. रोगी शांत असत आणि तरीही शुद्धीवर असत.

येथे थोडे समजावून सांगितले पाहिजे. त्या काळच्या इस्पितळांत रीत अशी होती की, रोग्यास असह्य वेदना झाल्या, त्याने ओरडून औषध मागितले, म्हणजे मगच टोचावयाचे. डॉक्टरांस भय वाटे की, आधी दिले तर रोग्यास व्यसन लागेल व पुढे औषध चालेनासे होईल. ह्याचा परिणाम उलटा होई. औषधाचा अंमल उतरला की वेदना पुन्हा येई, रोगी घड्याळाकडे डोळे लावून बसे, भीतीने वेदना दुप्पट होई, आणि मग औषधही अधिक लागे. तहान लागल्यावर विहीर खणावयाची, असा हा प्रकार. वेदना परत येण्यापूर्वीच दर चार तासांनी बेताचे औषध दिले तर भीती जाते, आणि भीती गेली की पुष्कळ रोग्यांस थोड्या औषधावरही भागते. हे सेंट लूकच्या परिचारिकांस अनुभवाने ठाऊक होते. परंतु परिचारिकांचे ऐकतो कोण? विद्वान डॉक्टरांपुढे ते सिद्ध करून दाखविणारे कोणी नव्हते.

बाईंच्या मनात रात्रपाळीची परिचारिका होऊन मरणाऱ्यांची सेवा करावी असे होते. त्या ज्यांच्या हाताखाली काम करीत ते शस्त्रवैद्य नॉर्मन बॅरेट यांनी त्यांस सांगितले की, मरणाऱ्यांना टाकून जातात ते डॉक्टरच. तेव्हा तुम्ही वैद्यक शिका, नाहीतर लोक तुमचे ऐकणार नाहीत. बाईंचे वय त्या वेळी तिशी ओलांडलेले. शास्त्रविषय कधी शिकलेल्या नाहीत. तरी १९५१ साली त्या पुन्हा त्याच सेंट टॉमस इस्पितळात, ह्या वेळी वैद्यकाच्या विद्यार्थिनी म्हणून, कोवळ्या मुलांच्या बाकावर जाऊन बसल्या. १९५७ साली ३८ व्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या. परिचारिका, आल्मनर व डॉक्टर, तिन्ही कामे एकाच व्यक्तीच्या हाती आली. पाठीच्या दुखण्याने जे दार बंद झाले होते त्याचा विचार आता वाचकांनीच करावा.

१९५८ पासून सात वर्षे त्यांनी लंडनच्या पूर्व भागात हॅक्नी येथे सेंट जोसेफ ह्या घरी काम केले. हे घर रोमन कॅथलिक जोगिणींचे. आम्ही प्रॉटेस्टंट, आणि बाईही प्रॉटेस्टंट. परंतु त्या जोगिणींच्या मायेविषयी बाईंनी नेहमी आदराने सांगितले आहे, आणि आम्हीही तसेच सांगणे योग्य आहे. त्यांच्या घरी माया होती, पण औषधांचे टिपण नव्हते. बाईंनी घड्याळाप्रमाणे औषध देण्याची रीत तेथे घातली, आणि १,००० हून अधिक रोग्यांची एकेक करून टिपणे ठेविली: वेदना कोठे, किती, कशाने कमी झाली, रोगी काय बोलला. त्यांनी रोग्यांचे बोलणे आवाज टिपणाऱ्या यंत्रावरही घेतले. व्यसनाचे भय व्यर्थ आहे, हे त्या टिपणांवरून स्पष्ट दिसू लागले.

एका रोगी बाईस त्यांनी दुखण्याविषयी विचारले. ती म्हणाली की दुखणे पाठीत सुरू झाले, पण आता आपले सगळेच बिघडले आहे असे वाटते. गोळ्यांसाठी ओरडावेसे वाटे पण ओरडू नये हेही कळे. नवरा व मुलगा फार चांगले होते, पण त्यांना काम सोडून घरी बसावे लागे व मजुरी बुडे. सर्व जग आपल्याविरुद्ध आहे असे वाटले, आणि आता पुन्हा सुरक्षित वाटू लागले आहे. एवढ्या थोड्या बोलण्यात शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरची मजुरी व जिवाचा एकटेपणा, सर्व काही आले. ह्यावरून सॉन्डर्स बाईंनी १९६४ च्या सुमारास आपला सिद्धांत मांडला की, वेदना ही केवळ हाडामांसाची नसते. ती संबंध माणसाची असते, म्हणून तिचा इलाजही संबंध माणसाचा झाला पाहिजे. आमच्या खेड्यांत ह्याची साक्ष पाहिजे तेवढी आहे. रोग्यास गाठीपेक्षा सावकाराचे देणे किंवा मुलीचे लग्न अधिक दुखत असते, आणि आपण त्यास केवळ धीर धर म्हणून सांगत असतो.

ह्याच्याही पलीकडचे एक ओझे आम्ही ख्रिस्ती लोकच कधी कधी रोग्यावर घालतो. हे कोणत्या पापाचे फळ, असे कुजबुजतो; किंवा विश्वास पुरेसा असता तर औषध लागले नसते असे सुचवितो. ईयोबाच्या मित्रांची गोष्ट मंडळीत सर्वांस ठाऊक आहे. ते सात दिवस व सात रात्री त्याजजवळ मुकाट्याने बसले तोवर त्यांचे काही चुकले नाही. चुकले ते तोंड उघडल्यावर.

घराविषयी बाईंनी घाई केली नव्हती. १९५९ साली जून महिन्यात, रोज वाचावयाच्या वचनांच्या पुस्तकात सदतिसाव्या स्तोत्रातील पाचवे वचन त्यांच्या वाचनात आले, आणि आता आरंभ करावयाची वेळ आली असे त्यांस वाटले. परंतु लगेच दुःखाचे दिवस आले. सेंट जोसेफ येथील एका पोलिश रोग्यावर, अंतोनी मिख्निएविच यांच्यावर, त्यांचे प्रेम जडले होते. ते १९६० साली वारले. पुढल्या वर्षी वडील वारले, एक जिवलग रोगी मैत्रीणही ह्याच काळात गेली. शोक इतका दाटला की कोणासाठी रडतो आहोत हेही कळेना, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. शोक करणाऱ्यांची काळजी हा त्यांच्या कामाचा भाग झाला तो पुस्तके वाचून नव्हे.

१९६१ साली संस्था नोंदली गेली, १९६५ साली दक्षिण लंडनमध्ये सिडनम येथे बांधकाम सुरू झाले, आणि जुलै १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर हे घर उघडले. टास्माने ५०० पौंड दिल्यापासून १९ वर्षे झाली होती. खिडकीभोवती घर बांधावयास १९ वर्षे लागली, असे बाई विनोदाने सांगत. प्रवाशांना नदीपार खांद्यावरून नेणाऱ्या संताचे नाव त्या घरास दिले आहे. ह्या प्रकारच्या घरास तिकडे हॉस्पिस म्हणतात. त्यात रोग्यास भेटावयास मुलेबाळे येत, बाग होती, प्रार्थनामंदिर होते, आणि त्याचबरोबर औषधांचे संशोधन व डॉक्टर-परिचारिकांचे शिक्षणही चाले. दया व विद्या एका छपराखाली असाव्यात, असा बाईंचा आग्रह होता.

घर उभे राहण्यापूर्वी एका प्रश्नावर पुष्कळ चर्चा झाली. हे घर केवळ एका पंथाचे असावे, रोग्यांचा पालट व्हावा हा त्याचा हेतू असावा, असे काही स्नेह्यांचे मत होते. आरंभी बाईंचाही कल काहीसा तसाच होता. परंतु शेवटी त्यांनी ठरविले की घराचा पाया ख्रिस्ती राहील, तरी दार सर्वांस उघडे राहील. ज्यू, हिंदू, मुसलमान, काहीच न मानणारा, कोणासही त्याचा धर्म विचारून आत घ्यावयाचे नाही, आणि दुबळ्या माणसावर दडपण आणावयाचे नाही. आमच्या वाचकांत ह्याविषयी मतभेद होईल हे आम्ही जाणतो. मरणशय्येवरील साक्षीची ओढ प्रत्येक उपदेशकास असते. तरी वेदनेने व्याकूळ झालेल्या माणसाकडून होकार काढून घेणे आणि त्याजवर प्रीती करणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आमचे मत आहे. टास्माला बाईंनी त्याच्याच लोकांची स्तोत्रे म्हणून दाखविली होती. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांजवळ काय मागितले ह्याविषयी बाईंनी एका लेखात लिहिले आहे. त्याने दुःखाचा उलगडा मागितला नाही, ते दूर करावे असेही त्यांस सांगितले नाही. आपणाबरोबर जागे राहावे एवढेच मागितले. त्या घराचा पाया त्यांनी ह्याच गोष्टीवर घातला.

१९६९ साली त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. सेंट क्रिस्टोफरच्या परिचारिका व डॉक्टर रोग्यांच्या घरोघर जाऊ लागले, कारण बहुतेकांस आपल्याच घरी, आपल्याच माणसांत राहावयाचे असते. हे पाऊल आम्हांस त्या इमारतीहून मोठे वाटते. खेड्यात इमारत कोण बांधणार? पुढे ह्याच वाटेने काम दूरवर गेले. हल्ली काही देशांत असाध्य कर्करोग झालेल्यांसाठी मोबाइलवर किंवा संगणकावर छोटे धडे तयार केलेले असतात: झोप कशी लागेल, थकवा कसा सोसावा, भीतीचे काय करावे, मुलांशी कसे बोलावे. शिकलेला मार्गदर्शक ठराविक दिवशी त्याच पडद्यावरून रोग्याशी बोलतो व धडा पुढे नेतो. आरंभी आम्हांस हे ऐकून हसू आले. मग विचार केला की, ज्या पाड्यावरून तालुक्यास जावयास दिवस मोडतो तेथील अंथरुणाला खिळलेल्या माणसास कोणी नियमाने विचारणारा आहे, ही लहान गोष्ट नव्हे. मोबाइल धरावयास मात्र घरातील कोणी तरी जवळ बसावे लागते. ते बसणे पडद्याच्याने होत नाही.

आमच्या देशात हे काम उशिरा आले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले. भारतातील हे ह्या प्रकारचे पहिले घर. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. केरळात कालिकत येथे १९९३ पासून डॉक्टर राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी हे काम सामान्य लोकांच्या दारापर्यंत नेले. सेंट क्रिस्टोफर येथे मॉर्फीनवर संशोधन केलेले डॉक्टर रॉबर्ट ट्वायक्रॉस हे भारतात येऊन शिकवीत असत. परंतु १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फीन ठेवण्यावर इतके परवाने बसविले की, अफू पिकविणाऱ्या ह्या देशातच रोग्यांस ते मिळेनासे झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट बरीच सुकर झाली आहे. तरी रोग्यास घरी पाठविताना वेदनेवर औषध काय, हे नातलगांनी डॉक्टरांस स्पष्ट विचारावे, आणि नातलगांस धीर होत नसल्यास उपदेशकाने बरोबर जाऊन विचारावे, अशी आमची सूचना आहे.

बाई काही मऊ स्वभावाच्या नव्हत्या. हट्टी होत्या, कामात कोणाची गय करीत नसत, आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांस त्यांचा धाक असे. रोग्यास औषधाने मारून टाकून सुटका करावी, ह्या मताशी त्यांनी जन्मभर वाद केला. नीट काळजी घेतली तर मरण मागणारा माणूस पुष्कळदा जगणे मागू लागतो, असे त्यांचे अनुभवाचे म्हणणे होते. १९८० साली, ६१ व्या वर्षी, त्यांनी मारियन बोहूश-शिश्को ह्या पोलिश चित्रकाराशी विवाह केला. वादळ शांत करणाऱ्या ख्रिस्ताचे त्यांचे एक चित्र बाईंनी १९६३ साली विकत घेतले होते, त्यावरून ओळख झालेली. नवरा वयाने बराच वृद्ध होता. १९९५ साली त्याच घरात बाईंनी त्याची शेवटची सेवा केली. राणीकडून मान मिळाले, १९८१ साली टेंपलटन पारितोषिक मिळाले. ती यादी आम्ही लांबवीत नाही.

एकाएकी मरण येण्यापेक्षा कर्करोगाने आलेले बरे, कारण आभार मानावयास, क्षमा मागावयास व निरोप घ्यावयास वेळ मिळतो, असे त्या म्हणत. ऐकणारांस हे विचित्र वाटे. पुढे त्यांस स्वतःसच स्तनाचा कर्करोग झाला. ज्या खाटांजवळ त्या इतकी वर्षे बसल्या होत्या त्यांपैकीच एका खाटेवर, सेंट क्रिस्टोफरमध्ये, १४ जुलै २००५ रोजी, ८७ व्या वर्षी त्यांनी देह ठेविला. टास्माची खिडकी त्या घराच्या दर्शनी भागात आहे. तिला रंगीत काच नाही. साधी आहे, आणि तिच्यातून आत येणारी माणसे दिसतात.